केनियात दोन आठवडे बायबल शिकवायला यायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी लागला की फोन सुरू होतात, ताई यंदा ग्रुप जाणारे का, मला जमेल का, इंजेक्शन फार दुखतं का वगैरे. तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाच लिहून काढतेय. मी नाशिकची, शाळेत शिकवून रिटायर झालेय, पाळक नाही की थिऑलॉजीची डिग्री नाही. २०१८ पासून चार वेळा जाऊन आलेय, तेव्हा खाली जे आहे ते त्या चार खेपांमधलं आहे, दुसऱ्या देशात किंवा दुसऱ्या ग्रुपबरोबर जाणार असाल तर तिथले नियम तिथे विचारा.

नक्की जायचं कुठे आणि करायचं काय?

केनियाच्या किनारपट्टीला किलिफी काउंटी आहे, मोंबासाच्या वरच्या अंगाला. तिथे समुद्रापासून आत कालोलेनी, रबाई, मारियाकानी हा सगळा नारळाचा आणि मक्याचा पट्टा. तिथल्या मंडळ्यांचे, म्हणजे चर्चचे, पाळक, वडीलजन, संडेस्कूलच्या बायका अशी चाळीस-पन्नास माणसं ऑगस्टमध्ये दोन आठवडे एका शाळेच्या हॉलमध्ये जमतात आणि आपण तिथे बायबल शिकवतो. म्हणजे उतारा वाचायचा कसा, त्यावरून रविवारचा संदेश तयार करायचा कसा, मुलांना गोष्ट सांगायची कशी, एवढंच. मैदानात स्टेज बांधून सभा नाही, आजारी लोकांवर हात ठेवून चमत्कार नाही, विहीर खणणं नाही, शाळेला रंग देणं नाही. रंग द्यायला तिथे पुष्कळ पोरं आहेत आणि ती आपल्यापेक्षा बरा रंग देतात.

पण केनियात तर बहुतेक ख्रिश्चनच आहेत म्हणे, मग जायचं कशाला?

हा प्रश्न मलाही पडला होता आणि अजून पूर्ण सुटलाय असं नाही. २०१९ च्या जनगणनेत केनियातले ८५ टक्क्यांच्या वर लोक ख्रिश्चन निघाले, आपल्याकडे ख्रिश्चन अडीच टक्के पण नाहीत, तेव्हा आपण त्यांना शिकवायला जायचं हे ऐकायलाच उलटं वाटतं. पण मंडळ्या भराभर वाढल्या आणि शिकलेले पाळक तेवढे नाहीत ही तिथलीच माणसं सांगतात. खेड्यातला पाळक म्हणजे आठवडाभर शेतकरी नाहीतर बोडा-बोडावाला, म्हणजे भाड्याच्या बाईकवाला, रविवारी पुलपिटवर. शिकायला कॉलेजात तीन वर्षं घालवायची तर घर कोण चालवणार? त्यात रेडिओवर न् फोनवर दिवसभर "पैसे पेरा, दसपट उगवतील" वाली प्रवचनं.

आणि मग २०२३ झालं. ह्याच किलिफी काउंटीत शाकाहोलाच्या जंगलातून चारशेच्या वर प्रेतं उकरून काढली, त्यात लहान मुलं पण होती. उपाशी राहून मेलात तर येशूची भेट होईल असं तिथल्या प्रचारकाने लोकांच्या डोक्यात भरवलं असा त्याच्यावर आरोप आहे. आम्ही २०२४ ला गेलो तेव्हा पहिल्या दिवशी एक म्हातारे वडीलजन उभे राहिले आणि म्हणाले, आम्हाला उपासावर शिकवा, बायबलमध्ये उपास कसला आहे आणि कसला नाही ते आधी सांगा. मी यशया ५८ काढला, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं हाच मला आवडणारा उपास असं देव म्हणतो तो अध्याय. त्या दिवशी ठरलेला धडा झालाच नाही.

कोणाचं धर्मांतर करायला जातो का आपण?

नाही. किनाऱ्यावर मुसलमान वस्ती मोठी आहे, बऱ्याच घरांत एक भाऊ इकडे एक भाऊ तिकडे, आणि त्यांचं नीट चाललंय. पाहुण्याने दोन आठवडे येऊन तिथे काड्या घालायच्या नाहीत. हे मान्य नसेल तर आमच्याबरोबर येऊ नका, रागावू नका पण स्पष्ट सांगते.

नाशिकवरून केनियाच का? जवळ डांग-पेठ आहे की.

डांग-पेठलाही जातो, ते वेगळं काम. पण नाशिक आणि मोंबासाचं नातं जुनं आहे आणि नाशिकमधल्याच लोकांना ते माहीत नसतं. शरणपूर रोडवरून रोज जाता ना, ते शरणपूर चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसवलं. अरबी समुद्रात इंग्रज आरमार गुलामांची गलबतं पकडायचं, त्यातून सुटलेली आफ्रिकन पोरं मुंबईत उतरायची आणि त्यातली कितीतरी इथे शरणपुरात आणून ठेवली. सुतारकाम, लोहारकाम, वाचन, बायबल सगळं इथे शिकली. त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणारे मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीला पाठवलेल्या तुकडीत होता, १८७३ ला लिव्हिंग्स्टन आताच्या झांबियात वारले तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना ह्यानेच वाचली, झाडावर त्यांचं नाव ह्यानेच कोरलं, आणि शवपेटीबरोबर थेट लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत गेला. नाशिकचा विद्यार्थी!

मग १८७४-७५ ला शरणपूर चालवणारे विल्यम प्राइस मोंबासाला गेले आणि समोरच्या किनाऱ्यावर सुटलेल्या गुलामांसाठी फ्रेअरटाउन वसवलं. नाव कोणाचं, तर मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं. तिथे शिक्षक, सुतार, दुभाषे म्हणून कोण, तर ही नाशिककर मंडळी, त्यांना तिकडे "बॉम्बे आफ्रिकन्स" म्हणायचे. त्यातले इश्माएल सेमलर आणि विल्यम जोन्स यांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टनने दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टनना युगांडाच्या वाटेवर मारलं, तेव्हा उरलेला काफिला परत घेऊन आला तो हाच जोन्स. आपल्याकडच्या शाळेत शिकलेली ही पोरं त्या भागातली पहिली देशी पाळक झाली, आणि गोऱ्या मिशनऱ्यांशी पगारावरून, मानापानावरून भांडलीसुद्धा, ते मला फार आवडतं.

फ्रेअरटाउनची घंटा अजून मोंबासात रस्त्याच्या कडेला उभी आहे. गुलाम पकडणारे आले की वाजवायची. त्या चौकाला केंगेलेनी म्हणतात, केंगेले म्हणजे घंटा. मी पहिल्यांदा मटाटूच्या, म्हणजे तिकडच्या मिनीबसच्या, खिडकीतून पाहिली तर तिच्याभोवती मोबाईलच्या कव्हरचे स्टॉल.

शिकवायला थिऑलॉजी झालेलीच पाहिजे का?

नाही. ग्रुपमध्ये एक तरी सेमिनरीत शिकलेलं माणूस घेतोच, कठीण प्रश्न त्याच्याकडे. बाकीच्यांना वर्गात उभं राहायची सवय पाहिजे, आणि "मला माहीत नाही, उद्या बघून सांगते" हे वाक्य तोंडातून निघालं पाहिजे. ज्यांना ते जमत नाही त्यांना मी नेत नाही, मग ते कितीही मोठे वक्ते असोत. तुमच्या पाळकाचं पत्र आणि पोलीस व्हेरिफिकेशन दोन्ही लागतं, शाकाहोलानंतर तिकडची मंडळी पण बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाचे कागद बघते आणि बघायलाच पाहिजेत.

काय शिकवायचं ते कोण ठरवतं?

ते. आम्ही २०१८ ला स्वतः ठरवून गेलो होतो आणि तोंडावर आपटलो. मी नाशिकमध्ये महिनाभर बसून पौलाच्या पत्रांवर साठ सेट इंग्रजी नोट्स छापल्या, स्पायरल बाइंडिंग करून, आणि जादा सामानाचे पैसे भरून नेल्या. वर्गात कोणी तक्रार केली नाही, सगळ्यांनी दोन्ही हातांनी घेतल्या, आसांते साना, आसांते साना, म्हणजे खूप खूप आभार. आठव्या दिवशी हॉलबाहेर एक बाई भाजलेले शेंगदाणे विकत होती, मी दहा शिलिंगचे घेतले, तिने पुडी करून दिली आणि पुडीवर माझं रोमकरांस पत्र, अध्याय तिसरा. आपल्याकडे पण रद्दीत दाणे मिळतात त्यामुळे मला राग नाही आला, उलट पहिल्यांदा विचारलं की बाबांनो तुम्हाला वाचायला काय लागतं. तर स्वाहिली. आणि प्रश्न कोणते आहेत ते विचारलं, तेव्हा खरा वर्ग सुरू झाला.

त्यांचे प्रश्न ऐका. दोन बायका असलेला माणूस विश्वासात आला, बाप्तिस्मा द्यायचा का, आणि धाकटीला घराबाहेर काढायला सांगायचं का? नवरा मेला, दिराने जमीन बळकावली आणि विधवेला हाकललं, पाळकाने मध्ये पडायचं का? गावाने एका म्हाताऱ्यावर चेटकाचा आळ घेतलाय, पोरं कोयते घेऊन फिरताहेत, मी काय करू? हा शेवटचा काल्पनिक नाही, किलिफीत केस पांढरे झाले, डोळे लाल झाले म्हणून म्हाताऱ्या माणसांना चेटक्या ठरवून मारल्याच्या घटना घडतात आणि मागे बहुतेक वेळा जमिनीचा वाद निघतो. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे पण डाकीण ठरवून बायकांना मारलंय, त्याविरुद्ध लढणाऱ्या डॉक्टर दाभोलकरांचा पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी, २०१३ ला, महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्ध कायदा आला. वर्ग एकदम शांत. मग मागून एकाने विचारलं, कायदा मराठीत आहे का, म्हणजे लोकांना वाचता येतो का? हे माझ्या नोट्सवाल्या प्रकरणावर होतं की नाही देव जाणे.

तेव्हापासून मी रूथचं पुस्तक घेते. आपण ते सासू-सुनेच्या प्रेमाचं म्हणून शिकवतो, पण तिथे बसून वाचलं की दिसतं, हे जमिनीचं पुस्तक आहे. नवरा गेलेल्या दोन बाया, शेतावरचा हक्क, आणि चौथ्या अध्यायात बवाज वेशीत दहा वडील माणसं साक्षीला बसवून जमिनीचा निकाल लावतो, म्हणजे सातबाराच की. हे शिकवायला मला काही कष्ट पडले नाहीत, उदाहरणं त्यांनीच दिली.

इंग्रजी फाडफाड येत नाही, चालेल?

चालेल, दुभाषी असतो. तुम्ही साध्या इंग्रजीत एक-दोन वाक्यं बोलायची, तो स्वाहिलीत सांगणार, कधी कधी गिरियामा ह्या तिथल्या बोलीत पण. म्हणजे एका तासात अर्ध्या तासाचंच होतं, तेवढंच तयार करून या. विनोद आणि म्हणी घरी ठेवा. मी एकदा "पालथ्या घड्यावर पाणी" इंग्रजी करून सांगितलं, दुभाष्याने मन लावून हातवारे करून सांगितलं, आणि एक बाई गंभीरपणे म्हणाली, मग घडा सुलटा करायचा ना, पाणी कशाला वाया घालवायचं?

स्वाहिली मात्र थोडी शिकून या, मराठी माणसाला ती परकी वाटत नाही. पेसा म्हणजे पैसा, गारी गाडी, दुका दुकान, किताबू पुस्तक, हेसाबू हिशोब, रांगी रंग, सेरिकाली सरकार, लाकी लाख. दान म्हणजे सदाका, सैतान म्हणजे शेतानी. पाळकाला म्चुंगाजी, म्हणजे मेंढपाळच. भेटल्यावर "ब्वाना असिफिवे" म्हणायचं, आपलं प्रभूची स्तुती असो, समोरून आमेन येतं.

घड्याळाची काय भानगड आहे?

स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे "सा मोजा", पहिला तास. मला पहिल्या वर्षी मेसेज आला, उद्या महिलांची मीटिंग "सा नाने". नाने म्हणजे आठ एवढं पाठ होतं, म्हणून आठ वाजता आवरून पोचले, कोणी नाही, शाळेचा वॉचमन बिचारा खुर्ची देऊन गेला. सा नाने म्हणजे दुपारचे दोन. सहा तास बसले. त्यामुळे वेळ सांगितली की इंग्रजी वेळ की स्वाहिली वेळ हे विचारा, कोणाला राग येत नाही.

व्हिसाचं कसं?

२०२४ पासून केनियाचा व्हिसा बंद होऊन ईटीए, म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी, आलाय, ऑनलाइन भरायचा, ३० डॉलरच्या थोडं वर जातात. पासपोर्ट सहा महिने तरी शिल्लक पाहिजे, परतीचं तिकीट, राहायचा पत्ता आणि बोलावणाऱ्या मंडळीचं पत्र जोडायचं. तीन दिवसांत होतं म्हणतात पण मी दोन आठवडे आधी भरायला लावते.

आता महत्त्वाचं. फॉर्मवर खोटं लिहायचं नाही. काही ग्रुप "टुरिस्ट" टाकतात आणि जाऊन शिकवतात, एकदा विचारणा झाली की फजिती यजमानांची होते, आपण काय विमानात बसून घरी येतो. थोड्या दिवसांच्या कामासाठी तिकडे स्पेशल पास असतो, जास्त काळ राहणाऱ्या मिशनरींचं परमिट वेगळं. आपल्याला काय लागेल ते यजमान मंडळी दर वर्षी इमिग्रेशनला विचारते, नियम बदलतात, मागच्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका.

इंजेक्शनं कोणती आणि मलेरियाचं काय?

यलो फीवरची लस सगळ्यांना. गंमत अशी की भारतातून जाताना केनिया ती मागत नाही, मागतं ते आपलं सरकार, परत येताना. पिवळं कार्ड नसेल तर मुंबईला उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईनमध्ये ठेवू शकतात. लस जायच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची, सरकारमान्य सेंटरवरच, गल्लीतल्या डॉक्टरकडची चालत नाही. एकदा घेतली की जन्मभर पुरते. अंड्याची ॲलर्जी असेल, वय साठच्या वर असेल किंवा प्रेग्नन्सी असेल तर आधी डॉक्टरशी बोला, मी स्वतः बोलले होते.

किनाऱ्यावर मलेरिया आहे आणि तो आपल्याकडच्यापेक्षा वाईट, डोक्यात जाणारा. क्लोरोक्विनवर विसंबू नका, तिथल्या मलेरियाला ते लागू पडत नाही. गोळ्या कोणत्या ते डॉक्टर ठरवतील, काही रोज घ्यायच्या असतात काही आठवड्याला एक, आणि त्या परत आल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण करायच्या. इथेच सगळे घोळ करतात. आमच्या ग्रुपमधला एक दादा घरी येऊन तीन दिवसांत गोळ्या बंद करून मोकळा झाला, दोन आठवड्यांनी ताप, घराजवळच्या डॉक्टरने व्हायरल म्हणून पॅरासिटामॉल दिली, आणि आफ्रिकेतून आलोय हे ह्याने सांगितलंच नाही. पाचव्या दिवशी ॲडमिट. वाचला, देवाची कृपा. परतल्यावर दोन-तीन महिन्यांत कधीही ताप आला तर पहिलं वाक्य "मी केनियाला जाऊन आलोय", दुसरं "मलेरियाची टेस्ट करा".

खर्च किती आणि कोण करतं?

ज्याचा त्याने. मुंबई-नैरोबी थेट विमान आहे, सहा तासांच्या आसपास, तिकीट लवकर काढलं तर बरंच स्वस्त पडतं. तिकीट, ईटीए, लस, इन्शुरन्स, राहणं-जेवण सगळं धरून २०२४ ला माणशी सव्वा लाखाच्या आत बसलं. तिकडे पोचल्यावर रोकड फार लागत नाही, एम-पेसावर सगळं चालतं, २००७ पासून, म्हणजे आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी भाजीवालीसुद्धा फोनवर पैसे घेत होती.

मंडळीच्या ट्रस्टमधून पैसे द्यायचे म्हणत असाल तर आधी सीएला विचारा, ट्रस्टचा पैसा देशाबाहेर खर्चला की इन्कम टॅक्सचा प्रश्न येतो.

आणि एक विचारून बघा स्वतःला, जेवढं तिकिटाला जातं तेवढ्यात तिकडचा एक पाळक वर्षभर शिकला असता का? आम्ही ह्यावर दर वर्षी भांडतो. म्हणून ग्रुप आठवरून चार माणसांवर आणला, आणि वाचलेला पैसा ज्याचा त्याने बँकेतून रीतसर तिकडच्या बायबल स्कूलच्या फीसाठी पाठवला.

बॅगेत काय घ्यायचं?

त्याआधी काय घ्यायचं नाही ते. प्लास्टिकच्या कॅरीबॅगा. केनियात २०१७ च्या ऑगस्टपासून बंदी आहे, दंड जबर आहे आणि एअरपोर्टवर काढून घेतात. आपण चिवडा कॅरीबॅगेत, चपला कॅरीबॅगेत, ओला टॉवेल कॅरीबॅगेत असं भरतो, ते सगळं कापडी पिशव्यांत भरा. प्लग इंग्लंडसारखा तीन चौकोनी पिनांचा, ॲडॉप्टर घ्या. टॉर्च, ओडोमॉस, रोजची औषधं चिठ्ठीसकट. पांढरे खडू घेऊन या, फळा असतो खडू नसतो.

खायचे हाल होतात का?

अजिबात नाही. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, हाताने मोडून खायचा, आपल्या उकडीसारखा पण मीठ नसतं. बरोबर सुकुमा विकी, म्हणजे हिरव्या पानांची भाजी, नावाचा अर्थ "आठवडा ढकला". किनाऱ्यावर मात्र कोकणच समजा, नारळाच्या दुधातला भात, नारळाच्या दुधातली तूर, मासे, आणि शहाळं तिथे मादाफू. चपाती चपातीच म्हणतात, तेलात थापून जाड, आणि ती सणावाराची वस्तू, रोजची नव्हे. आपण "रोज खातो" म्हटलं की त्यांना आपण श्रीमंत वाटतो. चहा दूध घालून उकळलेला. जैन किंवा उपासवाल्यांची सोय होईल याची खात्री देत नाही.

शेवटच्या दिवशी वर्गाने आम्हाला कोंबडी दिली, जिवंत, पाय बांधून, गाणं म्हणत. कायांबा वाजत होतं, बोरूच्या काड्यांची चपटी पेटी आत बिया घातलेली, हलवली की पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज. कोंबडी नाही म्हणायची नाही, दोन्ही हातांनी घ्यायची आणि मग जिच्याकडे राहिलात त्या माउलीला द्यायची. कोंबडी माझ्या मांडीवर बसून मारियाकानीपर्यंत आली.

राहायचं कुठे, टॉयलेट वगैरे?

मंडळीच्या गेस्टहाउसमध्ये किंवा घरांत. मच्छरदाणी असते. पाणी कधी असतं कधी बादलीतून. खड्ड्याचं संडास बऱ्याच ठिकाणी, खेड्यात वाढलेल्यांना काही वाटत नाही.

सेफ आहे का?

रात्री फिरायचं नाही, बोडा-बोडावर हेल्मेटशिवाय बसायचं नाही (बाईक बहुतेक आपली बजाज बॉक्सरच निघते, फोटो काढायचा मोह होतो), सोमालियाच्या सीमेकडे आणि लामूच्या बाजूला आम्ही जात नाही. खरा धोका रस्त्याचा आहे. नैरोबीहून मोंबासाला आम्ही रात्रीची बस घेत नाही, २०१७ ला सुरू झालेली ट्रेन आहे, पाच-सहा तासांत आरामात, खिडकीतून त्सावोच्या अभयारण्यातले हत्ती दिसतात ते फुकट. सफारीला वेगळा वेळ नाही, एवढ्यावर समाधान माना.

आपल्याला तिकडे काय म्हणतात?

म्हिंदी. म्हणजे इंडियन. आणि म्हिंदी म्हणजे दुकानदार नाहीतर मालक असं ठरलेलं. १८९६ नंतर रेल्वे बांधायला ३० हजारांवर भारतीय मजूर नेले, त्यातले अडीच हजारांच्या आसपास मेले, बहुतेक परत आले, काही राहिले, आणि नंतर व्यापाराला आलेल्यांची दुकानं झाली. तेव्हा आपल्याकडे बघताना त्यांच्या डोक्यात कधी कधी जुना मालक असतो जो नोकराला मागच्या दाराने आत घ्यायचा. वर्गातल्या एका दादाने मला सरळ सांगितलं, म्हिंदीच्या घरी मी सहा वर्षं माळी होतो, म्हिंदीबरोबर एका ताटलीत जेवतोय हे आजच. मला काय बोलावं सुचलं नाही, मी उगाली पुढे केली.

भारतात ख्रिश्चन आहेत यावर आधी विश्वासच बसत नाही. गोवेकर मात्र माहीत असतात.

बायकांनी यावं का? कपडे?

यावंच. संडेस्कूल आणि महिलांचा वर्ग बायकाच घेतात, आणि पाळकांच्या वर्गात मी शिकवते तेव्हा दोन-तीन पुरुष पहिल्या दिवशी हाताची घडी घालून बसतात, तिसऱ्या दिवशी वहीत लिहितात. साडी, पंजाबी ड्रेस उत्तम. तिथे गेल्यावर लेसो घ्या, जोडीने मिळणारं छापील कापड, खाली काठावर स्वाहिलीत एक म्हण छापलेली असते. घेण्याआधी कोणाला तरी ती वाचायला लावा, मी एकदा घातला त्यावर शेजारणीला टोमणा होता.

मुलांचे फोटो काढून स्टेटसला टाकले तर?

नाही. आईबापाला विचारल्याशिवाय नाही, आणि फाटक्या कपड्यातलं पोर मांडीवर घेऊन तर अजिबात नाही. तुमच्या पोराचा असा फोटो कोणी परदेशी बाईने टाकला तर चालेल का? अनाथाश्रमाची भेट पण ठेवत नाही. पाहुणे येतात, पैसे देतात, म्हणून आईबाप असलेली मुलं आश्रमात आणून ठेवायचे प्रकार झाले, आणि केनिया सरकारने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणीच थांबवली. मुलांबरोबर एकटं बसायचं नाही, दोन मोठी माणसं नेहमी.

लोक पैसे मागतात तेव्हा काय करायचं?

मागतात. परत आल्यावर व्हॉट्सॲपवरही मागतात, मुलीची फी, छपराचे पत्रे, खरीच अडचण असते. एकट्याने कोणालाही द्यायचं नाही हा नियम आहे. पहिल्या वर्षी एकीने परस्पर एका पाळकाला पैसे दिले, चांगल्या मनानेच, पण बाकीच्या मंडळ्यांना वाटलं ह्याची इंडियात ओळख झाली, आणि त्या माणसाचं आपल्याच लोकांत बसणं-उठणं अवघड झालं. द्यायचंच असेल तर तिकडच्या कमिटीकडे, सगळ्यांसमोर, पावती घेऊन.

थोडं फिरायला मिळतं का?

मधला शनिवार. रबाईला जुनं चर्च आणि छोटं म्युझियम आहे, क्राफ नावाचा जर्मन मिशनरी १८४४ ला मोंबासात आला, दोन-तीन महिन्यांत बायको आणि तान्ही मुलगी दोघी तापाने गेल्या, तरी राहिला आणि स्वाहिली शिकला. मग मोंबासाचा किल्ला फोर्ट जीझस, पोर्तुगीजांनी १५९३ ला बांधायला घेतलेला, कारभार गोव्याहून चालायचा. मोंबासाच्या राजाचा मुलगा युसुफ, त्याला लहानपणी गोव्याला नेऊन ख्रिश्चन करून वाढवलं, राजा म्हणून परत पाठवलं, आणि १६३१ मध्ये त्याने किल्ल्यातल्या पोर्तुगीजांना कापून काढलं. मी ग्रुपला ही गोष्ट किल्ल्यातच सांगते, उन्हात उभं करून.

परत परत जाता, मग त्यांना शिकवून संपणार कधी?

संपत आलंय. पहिल्या वर्गातल्या दोघांनी बायबल स्कूल पूर्ण केलं, एक त्यातली संडेस्कूलची बाई आहे, आणि २०२४ ला दुसरा आठवडा त्या दोघांनीच घेतला, स्वाहिलीत, दुभाष्याशिवाय, माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने. आम्ही मागच्या बाकावर. पुढच्या खेपेचं पत्र आलंय त्यात दोन आठवडे नाहीत, तीन दिवस आहेत, रूथसाठी, आणि खाली लिहिलंय की चौथ्या दिवशी शेळीबाजार आहे, हॉल रिकामा करून द्यावा लागेल. तर यंदा दोनच जागा आहेत, खडू तेवढे आणा.